उणे अकरा

नगरपरिषदेनं मला एक पिस्तूल दिलंय,
तापमान मोजायचं.
घोडा अर्धा दाबला की लाल ठिपका पडतो,
पुरा दाबला की बीप वाजून आकडा.
पहिल्याच दिवशी विट्यातली पोरं
हात वर करून भिंतीला लागली
आणि मीही एकेकाच्या कपाळावर नेम धरला:
छत्तीस. छत्तीस.
सदतीस पॉइंट आठ, याला घरी न्या रे कुणीतरी.

थंड छत योजना.
शासन निर्णय बावीस पानांचा,
त्यात ऊर्जा कार्यक्षमता हा शब्द एकतीस वेळा.
मुंबईहून खाली उतरत उतरत
तो माग-गल्लीत पोचतो
तोवर त्याची एक बादली झालेली असते,
पांढऱ्या रंगाची,
आणि पत्र्यावर गोणपाट टाकून उकिडवा बसलेला सादिक,
जो म्हणतो, सर, पांढरं बघून बघून
रात्री डोळे मिटले तरी पत्राच दिसतोय.

नऊ एप्रिल, दुपारी दीड.
अंजिरा चोथे यांचा पत्रा, वरून: एकसष्ट.
आतून भिंत: बेचाळीस.
मेच्या अखेरीस, रंगानंतर, त्याच वेळेला
वरून: त्रेचाळीस.
आतली नोंद बाकी.

त्याआधी प्रश्नावली.
लाभार्थ्याला काय फरक जाणवला?
अंजिराबाई कांड्या भरता भरता सांगतात,
हात थांबत नाही, सूत तुटत नाही:

ह्यांची रातपाळी. सकाळी आठला माग सोडून येत्यात.
दहा वाजले की पत्रा तडतडाया लागायचा,
पंखा लावला तर भट्टीतली हवा तोंडावर,
मग पंखा बंद करून चालले
जैबुनमावशीच्या लिंबाखाली. तिथं माश्या.
बारा वर्सं झाली लग्नाला.
दुपारचं घोरतात कसं
ते मला ह्या महिन्यात कळलं बघा.

मी लिहितो: समाधानकारक.

मग विजेची बिलं. पत्र्याच्या डब्यात,
रेशन कार्डाच्या खाली, घडी न मोडता ठेवलेली.
गेल्या वर्षी मे: अठ्ठावन्न युनिट.
यंदा मे: एकोणसत्तर.
मी दोनदा वजाबाकी करतो.
झोपणारा माणूस झोपलाय,
म्हणून पंखा फिरतोय,
म्हणून मीटर फिरतोय.
बचत: उणे अकरा.

ॲप उणे घेत नाही.
चौकट लाल होते, योग्य संख्या भरा म्हणते.
गुरव साहेबांना फोन लावला.
ते जेवत होते. म्हणाले, शून्य टाक.
म्हटलं, शून्य म्हणजे काहीच झालं नाही असं होईल.
ते म्हणाले, मग अकरा टाक, चिन्ह कोण बघतंय.
आणि झोपेचं, साहेब?
झोपेचं काय?
झोपेला रकाना नाही.
पलीकडे ताकाची फुर्र ऐकू आली.
अरे, ही वीज बचतीची योजना आहे, म्हणाले,
झोपेचं खातं वेगळं असेल.

असेल. बावीस पानांत मला सापडलं नाही.

चौकट तशीच लाल ठेवून
मी आतल्या नोंदीसाठी दारात उभा राहिलो.
सगळी गल्ली खटखटतेय,
डावीकडे चोवीस माग, उजवीकडे बारा,
आणि मधे हा माणूस
तोंड उघडं टाकून असा झोपलाय
की जणू खटखट त्याच्याच पाळण्याची दोरी.
घोडा अर्धा दाबला.
लाल ठिपका पत्र्याच्या पोटावरून
पतसंस्थेच्या कॅलेंडरवर आला,
खुंटीवरच्या सदऱ्यावर,
सदऱ्याला चिकटलेल्या कापसाच्या पुंजक्यावर,
तिथून घसरून
खाटेबाहेर लोंबणाऱ्या टाचेवर थांबला.
पुरा दाबला तर बीप वाजेल.

मागून अंजिराबाईंनी विचारलं,
किती आलं?

मी म्हटलं, हळू बोला.